पितळी पातेल्यातला आवाज

२८ एप्रिल, सोमवार

लाऊडस्पीकरची परवानगी नाकारली! कारण — 'शांतता भंग होण्याची शक्यता'. सालईडोह गावाच्या वरच्या अंगाला नव्वद एकर गायरान खणून त्यात कारखान्यांचा विषारी कचरा पुरणार, त्याने शांतता भंगत नाही. माझ्या बोलण्याने भंगते!

ठीक आहे. भोंगा नाही तर नाही. सोनिका म्हणाली, "सर, आपल्या वेबसाइटवर टाकू नं आवाज. तिथं कोनाची परमिशन लागत नाई."

ओमप्रकाशची मुलगी ती. तीस वर्षं माझ्या प्रत्येक सभेला भोंगे बांधले त्या माणसाने. तो गेल्यावर लकडगंजातलं दुकान तीच चालवते. भोंगे माळ्यावर, खाली दोन संगणक. शेजारची आरा मशीन दिवसभर किंचाळते, तिथे ध्वनिमुद्रण अशक्य. म्हणून प्रताप नगरला आमच्याकडे येते.

आज पहिलं भाषण झालं. बैठकीची दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, कूलर बंद. बाहेर त्रेचाळीस! "कूलर बंदच ठेवा सर. मागून खडखड येते." नऊ मिनिटं बोललो. सदरा पिळून काढावा इतका घाम. मग ऐकलं — खणखणीत! सदुसष्टाव्या वर्षी!

३० एप्रिल, बुधवार

आज सोनिकाने शिकवलं. पानावर आवाज ठेवला तरी तो आपण होऊन बोलत नाही. ऐकणाऱ्याला बटण दाबावं लागतं. मी संतापलो. भोंगा कधी विचारतो का, बोलू का म्हणून? ती म्हणाली, "फोनवालेच वाजू देत नाई सर. बोट लावल्याशिवाय नाई." मग विचार केला. सभेत माणूस ऐकतो कारण मध्येच उठून जायला लाजतो. इथे तो स्वतः बोट पुढे करतो. हे जास्त खरं ऐकणं.

दुसरी गोष्ट आवडली नाही. फाईल लहान करावी लागते, नाहीतर खेड्यात उतरत नाही. "जे कानाले ऐकूच येत नाई, ते मशीन काढून टाकते." काय काढून टाकते? कोण ठरवतं? परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी — वाणीच्या चार पायऱ्या वाचत आलो आयुष्यभर. ही पाचवी. छाटलेली.

आणखी एक खूळ. प्रत्येक नव्या फाईलला नवा नंबर द्यायचा, पानाच्या आतल्या ओळीतही तोच लिहायचा. का? "फोन आळशी राहते, सर. एकदा उतरवलेलं जवळ ठेवते. नाव तेच दिसलं तं नवं आणतच नाई." मी म्हटलं, माझ्या आवाजाला कैद्यासारखा बिल्ला लावू? हसली. "मी लावून देत जाईन. तुम्ही फक्त बोला."

फक्त बोला! तेच तर करत आलो.

४ मे, रविवार

सालईडोहला जाऊन आलो. मौद्याच्या पुढे रस्ता नाहीच, नुसते खड्डे.

एक अद्भुत गोष्ट पाहिली. गणपतराव — एसटीतले निवृत्त कंडक्टर, गावातला माझा उजवा हात. संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसतात आणि बायकोला हाक मारतात, "पातेलं आण वं!" लग्नातल्या भाताचं मोठं पितळी पातेलं. त्यात फोन ठेवतात आणि माझं भाषण लावतात. आवाज असा घुमतो की पलीकडच्या पेठेतून माणसं येतात! अंजनाबाई पदर खोचून उभ्या. "भाताचं पातेलं हाय ते. तुमच्या सरचं भाषण शिजवाले नाई!" सगळा पार हसला.

आता गावात रोज हेच. दवंडी कोणी ऐकत नाही, ग्रामपंचायतीच्या फळ्याकडे कोणी बघत नाही. पातेल्यातून 'सर' बोलले की ते खरं.

सोळा तारखेला ग्रामसभा आहे. कचरा-डेपोला ना-हरकत द्यायची की नाही, ते तिथेच ठरणार. गाव जमलं तर नाही म्हणेल. गाव जमलं नाही तर बाकीचे काय म्हणतील ते सांगायला नको.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. भाषण चालू असताना मी पारामागेच उभा होतो. कोणीही माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे पातेल्याकडे बघत होते.

९ मे, शुक्रवार

घरी एक गृहस्थ आले. विश्वनाथ. कचरा-डेपोच्या कंपनीचे 'जनसंपर्क'. गोड माणूस. पाया पडला! आमच्या हिने, यमूने, ताक दिलं तर ग्लास स्वतः आत नेऊन ठेवला.

"सर, आपले सगळे व्याख्यान आम्ही डाउनलोड करून घेतले आहेत. एकूण एक. साहेब गाडीत तेच ऐकतात."

मी विचारलं, काय करणार त्यांचं?

"आवाज आहे सर. काहीही करता येतं."

हसत म्हणाला. ताक गोड होतं म्हणाला. गेला.

१२ मे, सोमवार

तीन दिवस फोन येतोय. दुपारी, बरोब्बर जेवायच्या वेळी. मी 'हॅलो' म्हणतो, कोण बोलतंय विचारतो, शिव्या देतो — पलीकडे कोणी बोलत नाही. पण कोणीतरी ऐकत असतं. श्वास कळतो.

यमू म्हणाली, "उचलू नका ना." मी का भिऊ?

१५ मे, गुरुवार

ताप १०३. ग्रामसेवक रजेवर, उद्याची सभा पुढे गेली म्हणे. सोनिका येऊन पलंगाशी बसून गेली. काय बोललो आठवत नाही. अक्षरं हलताहेत.

१९ मे, सोमवार

उठून बसलो. यमू म्हणते ऊन लागलं, कांद्याचा रस चोळला तिने तळपायांना. त्यात परवा झोपायच्या खोलीतल्या कूलरची मोटर जळाली. मेकॅनिक उचलून घेऊन गेला, "वाइंडिंग करावं लागते." चांगले दिवस निवडले! बैठकीत झोपतो आता.

सभेची नवी तारीख आली. ५ जून, सकाळी दहा.

२७ मे, मंगळवार

वर्तमानपत्रात वाचलं. कुठल्याशा शहरात एका म्हाताऱ्याला मुलाच्या आवाजात फोन आला. मुलगा आपल्या खोलीत झोपलेला होता. आवाज यंत्राने बनवलेला. थोडे नमुने मिळाले की पुरतं.

माझ्या आवाजाचे किती नमुने आहेत पानावर? अकरा भाषणं. शंभरावर मिनिटं. स्वच्छ, मागे काही खडखड नाही. आणि माझाच हट्ट की कोणालाही उतरवून घेता यावीत — विचाराला कुलूप नको!

विश्वनाथ आठवला. 'आवाज आहे सर, काहीही करता येतं.' हे धमकावणं होतं. मला आत्ता कळतंय.

मुक्या फोनांचाही अर्थ लागला. मी रागावलेला कसा बोलतो, तेवढं त्यांच्याकडे नव्हतं. आता आहे. फोन बंद करून कपाटात ठेवला.

१ जून, रविवार

सोनिकाशी वाजलं. सभेच्या आदल्या दिवशी लावायची हाक आजच ध्वनिमुद्रित करू म्हणाली. तिला उद्यापासून आठवडाभर गोंदियाला जायचंय, दिराचं लग्न. शिवाय, "सर, 'उद्या' नका बोलू. तारीख बोला, पाच जून."

मी म्हटलं, बाई, चाळीस वर्षं लोकांना उठवतोय. तारखेने माणूस उठत नाही, पंचांग बघतो. 'उद्या' म्हटलं की उठतो! आणि हाक आदल्या दिवशीच्या गळ्यातूनच यायला हवी. शिळी हाक कोण ऐकणार?

"मंग टाकन कोन?"

मी टाकेन. शिकवलंस ना?

जाताना दारातून म्हणाली, "सर, फोन तरी चालू ठेवा." ठेवला नाही.

नेमकं याच आठवड्यात लग्न!

४ जून, बुधवार

हाक दिली! 'उद्या सकाळी दहा. चूल विझवून या, गुरं बांधून या, पण या. उद्या जो घरी राहील, त्याच्या नातवाच्या विहिरीत ते विष उतरेल.' अडीच मिनिटं. असं बोललो नव्हतो कित्येक वर्षांत.

जुन्या फाईलच्या जागी नवी स्वतः चढवली. संगणकावर वाजवली, यमूच्या नव्या फोनवर वाजवली. दोन्हीकडे खणखणीत. सोनिकाशिवाय जमलं!

यमूच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "गाव येईल हो."

५ जून, गुरुवार

गाव आलं नाही.

दहाला पोचलो. पार रिकामा. शाळेच्या वऱ्हांड्यात एकतीस माणसं, त्यातली निम्मी कचरा-डेपोच्या ठेकेदाराची. बाकी गाव? रोजंदारीचा ट्रक सकाळी सहालाच पुलाच्या कामावर घेऊन गेला. कोरम नाही म्हणून सभा तहकूब. तासाभराने तिथेच पुन्हा भरवली. तहकूब सभेला कोरम लागत नाही! सगळं कायद्यात बसवून. मी गावचा मतदार नाही, मला बोलता येत नाही. फाटकाशी उभा राहून पाहिलं. हात वर झाले. अकरा मिनिटांत ठराव मंजूर.

जाता जाता विश्वनाथने नमस्कार केला. "सर, आज तुमची तब्येत ठीक नाही वाटत."



६ जून, शुक्रवार

गणपतरावांना गाठलं. मी विचारायच्या आधी तेच म्हणाले, "सर, असं काहून केलं तुम्ही?"

मी?

"तुम्हीच तं सांगतलं, सभा नाही होणार म्हणून. आम्हाले वाटलं, पुन्हा ढकलली. मी फोन लावला नं तुम्हाले, धा वेळा. बंद."

अंजनाबाईंनी न सांगता पातेलं आणलं. गणपतरावांनी फोन आत ठेवला, बटण दाबलं.

'उद्याची सभा होणार नाही. मी पुन्हा सांगेन, तेव्हा या.'

माझा आवाज. आणि माझा नाही! मेलेला. सपाट. प्रत्येक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा. मी आयुष्यात इतकं विझून बोललेलो नाही. आणि मागे कसलीतरी लय — खट्, खट्, खड. खट्, खट्, खड. यंत्राची! बनवणाऱ्या यंत्राने आपला माग ठेवलाय. मी कूलर बंद करून, घाम गाळून बोलतो. माझ्या एकाही भाषणामागे खडखड नाही. हे चोराला माहीत नव्हतं.

घरी येऊन पान उघडलं. तिथे माझी खरी हाक, जशी चढवली तशी! म्हणजे परवा संध्याकाळी कोणीतरी बनावट आवाज चढवला आणि काम झाल्यावर गुपचूप खरा परत ठेवला. पानाच्या किल्ल्या दोघांकडेच. मी आणि ती.

कपाटातला फोन काढून सोनिकाला लावला. मागे बँड वाजत होता. सगळं सांगितलं. मग म्हणाली, "सर, नंबर बदलला होता का?"

मी विचारतो गाव कोणी विकलं, आणि ही मला नंबर विचारते! फोन ठेवला. चारदा परत आला. पुन्हा बंद केला.

७ जून, शनिवार

पोलिसांत तक्रार दिली. तिचं नाव दिलं. हवालदाराने स्पेलिंग विचारलं, मी सांगितलं.

ओमप्रकाश डोळ्यांपुढे येतोय. पावसात वायर अंगाला गुंडाळून उभा राहिलेला, भोंगा बंद पडू नये म्हणून. त्याच्या पोटी ही!

यमू बाजूला येऊन उभी राहिली. "अहो, ती त्या दिवशी तुमच्या तापात—" मी उद्याच्या भाषणाचे मुद्दे काढत होतो. हात वर केला. गेली.

८ जून, रविवार

आज मारुतीच्या पारावर गाव मावलं नाही.

भोंगा नाही, माइक नाही. तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचलो. काय झालं ते सांगितलं, ठरावाविरुद्ध अपील करू म्हणून सांगितलं. मग पुरावा दिला. "ऐका! चोराच्या आवाजामागे यंत्र खडखडतंय. माझ्या घरात मी पंखासुद्धा बंद करतो. तुमच्यासाठी घाम गाळून बोललेल्या माणसाच्या आवाजात यंत्र कुठून आलं?" असा गोंगाट उठला की पिंपळावरचे बगळे उडाले.

नाव घ्यायचं नव्हतं. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "कोन हाय ते सांगा नं गा सर!" आणि मी सांगितलं. दुकानाचा पत्तासुद्धा, लकडगंजातला. माझ्या जिभेला थांबायची सवय नाही.

गणपतरावांच्या भाच्याने, पियूषने, भाषण फोनवर घेतलं होतं. घरी येऊन मी स्वतःच पानावर चढवलं. सगळ्यात वर. सत्य लपवायचं कशाला?

९ जून, सोमवार

चार हजार जणांनी ऐकलं. मी माझ्या कोणत्याच भाषणाला चार हजार पाहिलेले नाहीत.

१० जून, मंगळवार

सकाळी अकराला लकडगंजात तीन गाड्या भरून माणसं आली. सोनिका कालच गोंदियाहून परतली होती. शटर वाकवलं. संगणक रस्त्यावर. माळ्यावरचे ओमप्रकाशचे भोंगे काढून ठेचले. शेजारच्या आरा मशीनवाल्याने मध्ये पडून तिला बाहेर काढलं, पण दगड लागला होता. उजव्या कानावर. पडदा फाटलाय. डॉक्टर म्हणतात, त्या कानाने ऐकू येईलसं वाटत नाही.

मी हे करायला सांगितलं नव्हतं. लोकांचा क्षोभ असतो, तो वाट बघत नाही. चाळीस वर्षं हेच वाक्य वापरलंय. आज लिहिताना वाचून पाहिलं.

यमू जेवली नाही. हॉस्पिटलमध्ये जाऊन आली. मला चला म्हणाली नाही.

११ जून, बुधवार

दुपारी मेकॅनिक झोपायच्या खोलीतला कूलर घेऊन आला. नवं वाइंडिंग. "पातं वाकडं हाय सर, पहिलेपासूनच. चालते पन." खिडकीत बसवला, बटण दाबलं.

खट्, खट्, खड. खट्, खट्, खड.

पलंगावर बसलो. मग ही वही मागे उलटली. १५ मे. 'सोनिका येऊन पलंगाशी बसून गेली. काय बोललो आठवत नाही.' यमू दारात उभी होती. म्हणाली, "मी सांगत होते. सभा होणार नाही, एवढी दोनच वाक्यं बोललात, ती तिने पानावर टाकली. कूलर बंद करू का विचारलं तिने, मीच नको म्हटलं. तुम्ही भाजत होतात." त्यानंतर ३० एप्रिल वाचलं. फोन आळशी असतो. नाव तेच दिसलं तर नवं आणतच नाही. मी नंबर बदलला नव्हता, म्हणून गावच्या फोनांनी मेमधलीच जुनी फाईल वाजवली.

रविवारचं भाषण पानावरून काढून टाकलं. लगेच गणपतरावांना फोन केला. म्हटलं, मी चुकलो, तिने काही केलेलं नाही, ते भाषण मी पुसलंय, आता कोणालाही ऐकवू नका.

"पुसलं कुठं सर? वाजून राहिलं नं. आत्ताच पातेल्यात लावलं. चार गावचे लोक हाय पारावर. थांबा, ऐकवतो तुम्हाले."

फोन त्यांनी तिकडे धरला. मी ओरडत होतो. तिथे कोणाला ऐकू जाणार? पातेल्यातून मी तिचं नाव घेत होतो, दुकानाचा पत्ता सांगत होतो. मागे कसलीही खडखड नाही.

खणखणीत.